बंद दारांचं बोलावणं

संक्रांतीनंतरच्या रविवारी सुखदाचं हळदीकुंकू झालं आणि कम्युनिटी सेंटरचा हॉल दारापर्यंत भरला. शालिनी मागच्या खुर्चीवर तिळाची वडी चघळत बसली होती. वडीसुद्धा खुसखुशीत निघाली, हे आणखी एक दुखणं.

राजधानीच्या कडेला, द्वारकेतली ती सोसायटी तेव्हा तशी नवीच, चार-पाच वर्षांची. टीव्हीवर चॅनेलं रोज वाढत होती, फ्लॅटांत माणसं काही वाढत नव्हती. निम्म्या घरांना कुलपं. मालक भाव चढायची वाट बघत कुठेतरी दूर. अशा ओसाडीत हॉलमधलं हळदीकुंकू सुरू केलं ते शालिनीने. तिने पोस्टरं चिकटवली, पंजाबी शेजारणींना हिंदीतून सगळं समजावलं, समोसेही ठेवले. तरी येऊन येऊन चार टाळकी. आणि ही सुखदा, कालपरवा पुण्याहून आलेली, जरीच्या पट्ट्याच्या मोरपंखी चपला वाजवत फिरणारी! हिच्याकडे एवढ्या बायका? राहतात तरी कुठे या?

"कशा गं जमवतेस?" शेवटी तिने विचारलंच.

"सगळ्या दारांना बोलावते, शालिनीताई. तुम्ही कुलूप बघून पुढे जाता. मी तिथेही चौकटीला हळदीकुंकू लावते, या म्हणते." सुखदाने करंडा मिटला. "फक्त, त्यांचं बोलावणं आलं की आपल्यालाही जावं लागतं. रीतच आहे ना ती."

शालिनीला वाटलं, थट्टा करतेय. तरी पुढच्या आठवड्यात, धुकं दुपारपर्यंत न हटलेल्या एका दिवशी, ती करंडा घेऊन निघाली. कुलपांसमोर उभं राहून "रविवारी चार वाजता, नक्की या" म्हणताना तिचं तिलाच हसू येत होतं. शेवटचं दार तिच्याच फ्लॅटसमोरचं. सोसायटी झाल्यापासून बंद. चौकटीला बोट टेकलं, तर त्या कडाक्याच्या थंडीत लाकूड कोमट लागलं.

रविवारी त्या आल्या.

एकेक करून आल्या आणि सगळ्या खुर्च्या भरल्या. साड्यांना वर्षानुवर्षं घडीत राहिल्यासारख्या रेघा होत्या. अंगाला ओल्या चुन्याचा वास. कुणी बोलत नव्हतं. शालिनी अत्तर लावत गेली. एकही मनगट उबदार नव्हतं. पण हॉल भरला होता. सुखदा मात्र येते म्हणूनही आली नव्हती. जळत असेल घरी, शालिनीने मनाशी म्हटलं आणि तिला फार गोड वाटलं.

दारापाशी नंदा उभी होती. नागपूरची, सरकारी ऑफिसात नोकरीला. दरवर्षी येऊन म्हणायची, "मी हळदीकुंकवाची नाही, तिळगुळाची आहे." आज तिने तिळगुळ घेतला नाही.

"शालिनीताई," ती हळूच म्हणाली, "या आल्या कुठून?"

"का? माझ्याकडे माणसं येऊ नयेत?"

"तसं नाही. बाहेर चपला आपल्या दोघींच्याच आहेत."

शालिनीने वळून पाहिलं. सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या. शहाण्या पाहुण्यांसारख्या, हात मांडीवर ठेवून.

मग त्या उठल्या आणि निघून गेल्या. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं नाही.

नंदा सोबत येते म्हणाली. शालिनीने नको म्हटलं.

घरी नवऱ्याने, पद्माकरने, दार उघडलं. "कोण बाई येऊन गेल्या गं? बेल नाही, काही नाही. चौकटीला कुंकू लावलं. कुठून आलात विचारलं, तर समोर बोट दाखवलं."

तिने चौकट पाहिली. हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक. दोन्ही ओली.

पद्माकर आत बातम्या बघायला गेला.

ती वळली.

समोरच्या दाराचं कुलूप तसंच होतं, गंजलेलं. खाली, उंबऱ्याशी, जरीच्या पट्ट्याच्या मोरपंखी चपला. नीट जोडून ठेवलेल्या.

शालिनीच्या मनात पहिल्यांदा आली ती भीती नव्हती. सुखदाला आपल्याआधी बोलावलं, हे आलं.

चपलांच्या शेजारी आणखी एका जोडापुरती जागा सोडली होती.

तिने डाव्या पायातली चप्पल काढली.