आधी ऐका, मग बोला

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत पनवेलला घडलंय. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

१९९५ची दिवाळी नुकतीच सरली होती. भर दुपारी समुद्रात वादळ उठलं.

कमळाकरमामा हौशी रेडिओवाला, म्हणजे घरच्या सेटवरून दूरदूरच्या लोकांशी बोलणारा. करंजा बंदरावरून त्याच्या ओळखीची अरुंधती रेडिओवर परतलेल्या होड्यांची नावं सांगत होती. मामाचा धाकटा भाऊ कुंदन अजून समुद्रात होता.

"कुंदन आयला का रं?" गुणाबाई, म्हणजे माझी आजी, सारखी विचारत होती.

"नाय गो आये. जरा ऐकू दे."

"आत्ता लागलेली होडी..." अरुंधती म्हणाली.

आणि... खर्रर्र!

नाव त्या आवाजात बुडालं.

मामाने आवाज ओळखला. नेऱ्याच्या दाजींचं, तिथल्या जुन्या रेडिओवाल्याचं स्टेशन! रेडिओला कॉम्प्युटर जोडलेला, माणूस नसताना आपोआप संदेश फेकणारा. रेडिओवाल्यांचा रिवाज साधा. आधी ऐकायचं, 'फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का?' विचारायचं, मगच बोलायचं. दाजींचं मशीन कुणाचं ऐकायचंच नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण खरं सांगतो, दाजीही ऐकायचे नाहीत.

हो. दाजी गणपतीतच वारले होते.

मामाने नेऱ्याला फोन लावला. "वहिनी, ते स्टेशन बंद करा आधी!"

दाजींची सून वसुंधरा गोंधळली. "भाऊजी, ते तर तेराव्यानंतर लगेच काढलं. माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलंय. आणि इथे सकाळपासून लाइट नाही..."

मामाने फोन ठेवला.

मागे रेडिओवर... पुन्हा खर्रर्र.

दुसरा कुणी असता तर सेट बंद करून देवासमोर बसला असता. मामा पेटला. माईक तोंडाशी धरून ओरडला,

"दाजी, मेलात म्हणून नियम सुटला नाय! फ्रिक्वेन्सी चालू हाय. आधी ऐका, मग बोला. मी हटणार नाय!"

शांतता...

साधी खरखरही नाही.

मग अरुंधतीचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "कमळाकर, कुंदनची होडी लागली. सगळे सुखरूप आहेत."

आजी मटकन खाली बसली. मामा ढसाढसा रडला.

इथे संपायला हवं होतं.

पण त्या दिवसापासून मामाने सेट लावला की आधी... टक. मग दाजींचा घोगरा आवाज, अदबीने विचारतो,

"फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का?"

मी स्वतः ऐकलंय.

कुणी बोलत नसलं तरी मामा ठणकावतो, "नाय! चालू हाय!"

एकदा मी विचारलं, "मामा, मोकळी आहे म्हटलं तर?"

"मंग बोलायची पाळी त्याची," मामा म्हणाला.

परवा सेटसमोर मामाला डुलकी लागली.

टक...

प्रश्न आला.

उत्तर मी दिलं, "नाय! चालू हाय!"