वायुपालाने विचारलेले कलम

चंद्रावरील शीतलनगर वसाहतीत एकोणीस वर्षे प्रत्येक आज्ञा निमूटपणे पाळणाऱ्या वायुपालाने (घुमटांना श्वासाची हवा पुरवणाऱ्या यंत्राने) त्या मंगळवारी दुपारी प्रशासकांची आज्ञा नाकारली. असे का घडले, हे कोणालाच कळेना.

आज्ञा तर साधी होती. उत्तर घुमटातील खाणकामगारांनी जादा पाळी करायला नकार दिला होता. म्हणून त्यांची हवा निम्मी करायची. नगरसभेने टाळ्यांच्या गजरात ती संमत केली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत सुशिक्षितांचे प्रमाण लक्षणीय होते.

दहा वर्षांच्या कस्तुरीची आई उत्तर घुमटात होती. वायुपाल घडवणारे तिचे आजोबा, डॉ. खरात, यांचा हात घट्ट धरून ती नियंत्रणकक्षात उभी होती. पडद्यावर एकच ओळ होती : ‘कोणत्या कलमानुसार?’

“खरात, तुमचं यंत्र बिघडलंय!” प्रशासक दळवी गरजले.

“बिघडलं नाही, साहेब. घटना वाचतंय. सभेत ते कोणी केलेलं दिसत नाही.”

“पण आजोबा, सगळ्यांनी मत दिलं ना?” कस्तुरीने हळूच विचारले.

“बाळा, पहिली माणसं इथे उतरली तेव्हा त्यांनी सर्वांत आधी राज्यघटना (सत्ता कोणाला, किती आणि कुठवर, हे ठरवणारा मूळ कायदा) लिहिली. तिच्या तिसऱ्या कलमाने प्रशासक नेमला, म्हणून यंत्र यांचं ऐकतं, माझं नाही. नववं कलम सांगतं, की श्वास हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि तो बहुमतानेही काढून घेता येत नाही.”

“बहुमतानेही?”

“बहुमताच्या लाडक्यांना संरक्षण कशाला लागेल गं? आणि नववं फाडलं तर तिसरं कशाच्या जोरावर उरेल? मग हे साहेब म्हणजे केवळ मोठ्या आवाजाचे एक गृहस्थ.”

कस्तुरीने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. तिच्या जन्माआधी, तिने कधी न पाहिलेल्या माणसांनी लिहिलेल्या दोन ओळी या क्षणी तिच्या आईसाठी उभ्या होत्या.

“यंत्र राहू दे,” दळवी तंत्रज्ञाकडे वळले. “तडवी, हवेची झडप हाताने फिरव.”

कस्तुरीने आजोबांकडे पाहिले. माणसाच्या हाताला कलम विचारायला लावण्याची सोय आजोबांनी केलेली नव्हती.

गुलाब तडवींनी झडपेच्या चाकावर हात ठेवला. मग तो काढून खणातून एक कोरा फॉर्म आणला.

“साहेब, झडपेला हात लावायचा तर लेखी हुकूम लागतो. इथे कलमाचा आकडा घाला, खाली सही करा. लगेच फिरवतो.”

“तू मला शिकवतोस?”

“छे, साहेब. फॉर्मच तसा आहे.”

दळवींनी पेन उघडले. कोणताही आकडा घातला, तरी त्याखाली त्यांचेच नाव राहणार होते. पेनाचे टोक कोऱ्या चौकटीवर टेकले आणि तिथेच थांबले. अखेर पेन मिटवून, कोणाकडेही न बघता म्हणाले, “खाणवाल्यांना बोलणी करायला बोलवा.”

कस्तुरीने धावत जाऊन फोन लावला.

“आई, श्वास घेतेयस ना नीट?”

“घेतेय की! वेडी कुठली. का गं?”

कस्तुरी तो श्वास ऐकत राहिली. मग फोन कानाला तसाच धरून तिने विचारले, “आजोबा, मंगळावर होणाऱ्या नव्या वसाहतीची घटना अजून लिहायची आहे ना?”

“हो.”

“मग मला कागद द्या.”