मोटरवर फोडलेला नारळ

रायपूरजवळच्या बीरगावातल्या तिसऱ्या मेकॅनिकनेही मान हलवली, तेव्हा ज्ञानदाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"दीदी, ये नाव का इंजन है. हम ठहरे बाइकवाले," एवढं बोलून तो आपल्या पान्यांकडे वळला.

मालवाहू ऑटोत पोत्यावर बोटीची जुनी मोटर आडवी पडली होती. बाबांनी, म्हणजे शरच्चंद्ररावांनी, रेल्वेच्या नोकरीत असताना ती लिलावात घेतली होती. दर अनंत चतुर्दशीला ते ती आपल्या नावेला लावून खारून नदीच्या महादेव घाटावर उभे राहत... विसर्जनात कुणाचा पाय घसरला तर काढायला. आज अनंत चतुर्दशीच होती, आणि मोटर सकाळपासून ढिम्म!

बरं, मोटर नाही म्हणून बाबा घरी बसतील? छे! चार दिवसांपूर्वी छातीत स्टेंट घालून घरी आलेला माणूस. डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलायची नाही म्हणून बजावलेलं. आणि हे वल्ही पुसायला बसले होते. त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"बाबा, चप्पूले हात नका लावू," ती फोनवर कळवळून म्हणाली. "मी मोटर दुरुस्त करून आणून राहिली ना... पाच वाजेपर्यंत थांबा. माही शपथ हाय तुम्हाले!"

तिने फोन ठेवला. डोळे भरून आले होते.

"स्पार्क नहीं आ रहा होगा," कुणीतरी म्हणालं.

पंक्चरच्या दुकानासमोर बाकावर एक तरुण बसला होता. अंगात उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलचा निळा युनिफॉर्म, मांडीवर हेल्मेट. त्याच्या बाइकचं चाक दुकानदाराने खोलून ठेवलं होतं.

"तुम्हाले मराठी समजते?" ती चपापली. म्हणजे याने सगळं ऐकलं होतं तर!

"समझता पूरी हूँ. बोलता नहीं. छोटा था तब बोलता था, तो आजी हँस-हँसके लोटपोट हो जाती थी. तब से बंद." तो उठलासुद्धा. "यशदीप. मिल में इलेक्ट्रीशियन हूँ. मोटर तो मोटर है, पानी में चले या ज़मीन पे... देखूँ?"

"पाहा ना," ती म्हणाली. "आणि मराठी बोला. मी नाही हसत."

"गारंटी?"

"एक वर्षाची."

तो हसला. गालाला एका बाजूला खळी पडत होती. अशा वेळी खळ्या दिसतात कशा, म्हणून ज्ञानदा स्वतःवरच चिडली.

ट्यूब बुडवून पाहायच्या पाण्याच्या ड्रमवर त्यांनी मोटर उभी केली. यशदीपने प्लग काढून हुंगला. "गीला है. पेट्रोल आ रहा है, आग नहीं आ रही." त्याने प्लग वायरला जोडून मोटरच्या लोखंडाला टेकवला. "अब आप रस्सी खींचिए."

तिने दोरी ओढली.

"ज़ोर से, मैडम. गणपति उठाना है, अगरबत्ती नहीं."

"तुमच्या डोक्यात घालू का ही मोटर?" म्हणत तिने दात-ओठ खाऊन ओढली. दोघांची डोकी प्लगवर झुकली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला... नाही. आतले पॉइंट पॉलिश पेपरने घासले... नाही. ती ओढत होती, तो पाहत होता. तिच्या तळव्याला फोड आला, तसा त्याने न बोलता आपला रुमाल तिच्या हाताला गुंडाळला. पहिली गाठ सुटली, मग त्याने दुसरी मारली.

"इस पे ऊपर से पानी-वानी गिरा था क्या?"

"नाही," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन.

आणि तिने मोटरवरची नजर काढून घेतली.

पडलं होतं ना! आठ दिवसांपूर्वी, विश्वकर्मा पूजेला. त्या दिवशी साऱ्या रायपुरात यंत्रांना कुंकू लागतं, फुलं चढतात. बाबाही मोटरची पूजा करत, पण नारळ मात्र घाटाच्या दगडावर फोडत. "मशिनले पाणी नाही पाजायचं," हा त्यांचा नियम. यंदा बाबा आयसीयूत होते. पूजा ज्ञानदाने केली, आणि मनात बोलली... एका फटक्यात फुटला तर बाबा घरी येतील. तो नारळ तिने थेट मोटरच्या डोक्यावर आपटला. एका फटक्यात फुटला. बाबा घरी आले. आता हे कुणाला सांगितलं आणि देवाने दिलेलं परत घेतलं तर? शिकलीसवरली पोरगी; पण भीतीला कुठली डिग्री?

"तुमची ड्यूटी केव्हाची हाय?" तिने विषय बदलला.

"दो बजे की."

"आता अडीच वाजले!"

"हाँ... घड़ी मेरे पास भी है," तो पिशवीतून काढलेल्या टेस्टिंग मीटरच्या काट्याकडे पाहत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

पण शेवटी त्यानेही हात टेकले. "कॉइल ही गया होगा. बाहर से मँगाना पड़ेगा. आठ-दस दिन."

त्याच वेळी फोन वाजला. "मी चप्पू घेऊन निघालो," बाबा म्हणाले. "तू सीधी घाटावर ये." आणि फोन बंद.

ज्ञानदाने वळून पाहिलं. यशदीप पाने पिशवीत भरत होता. आता नाही तर कधीच नाही...

"मी खोटं बोलली," ती म्हणाली. "पाणी पडलं होतं. नारळाचं. मीच फोडला, इथं... मोटरवर. बाबांसाठी." आणि ती रडायलाच लागली.

तो हसला नाही. रागावलाही नाही. "किधर से बहा था?" एवढंच त्याने विचारलं.

तिने बोट दाखवलं. बोट थांबलं ते मोटर बंद करायच्या लाल बटणावर. यशदीपने एकदा तिच्याकडे पाहिलं, बटणाची वायर उपटली. "खींचिए."

टक्क! प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडाली.

"बटन अंदर से चिपका है. बेचारी मोटर आठ दिन से 'बंद, बंद' ही सुन रही थी."

"मग चला ना! अशीच नेऊ, वायर काढून!"

"नहीं." पहिल्यांदाच त्याचा आवाज कडक झाला. "चालू न हो तो मोटर बस बैठी रहती है. बंद न हो, और सामने पानी में कोई आदमी हो... तब?"

ती बाजूला सरकली. त्याने बटण खोललं, आतला पांढरा चिकट थर पेट्रोलने धुतला, वाळवला, पुन्हा बसवलं. दहाच मिनिटं, पण ज्ञानदाला ती खायला उठली. मग त्याने दोरी ओढली. मोटर खोकली, धूर ओकली, आणि चालू झाली. बटण दाबलं... बंदही झाली.

दोघं त्याच मालवाहू ऑटोतून घाटावर पोचले तेव्हा ढोल वाजत होते, आणि बाबा नावेत बसलेले. हातात वल्ही. चेहरा पांढराफटक.

"उतरा बाबा, मोटर चालू झाली."

"लाव मंग. मीच चालवतो. आणि हा पोट्टा कोण?"

"हा... यशदीप." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "बाबा, मोटर माह्यानं बिघडली. नारळ मी तिच्यावरच फोडला. तुम्ही घरी या म्हणून."

बाबांनी वल्ही मांडीवर ठेवली. "माह्यासाठी?" तिने होकारार्थी मान डोलावली. त्यांनी वल्ही तिच्या हातात दिली, ते उतरले आणि घाटाच्या पायरीवर जाऊन बसले.

यशदीपने मोटर नावेला कसली आणि तिथेच, मोटरपाशी बसला. नाव हलली, तशी त्याने काठ घट्ट धरला.

"काय झालं?" ज्ञानदाने विचारलं.

"मले..." तो शब्द जुळवू लागला. "मले पोहता येत नाही."

त्याचं पहिलं मराठी वाक्य! ती हसली नाही. गारंटी होती ना. तिने लाइफ जॅकेट त्याच्या गळ्यात घातलं, पुढे वाकून पट्टा आवळला.

"मग काहून बसला नावेत?"

"तू बसली म्हणून," तो म्हणाला, आणि त्याने दोरी ओढली.