घाईवाल्या काकांची पिशवी

त्या दुपारी मी तळघरात उतरले ती एक पिशवी नष्ट करायला. पाच मिनिटांचं काम.

आमच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या रोग्याच्या रक्तातून लढाऊ पेशी काढतात आणि त्यांच्या जनुकात नेमक्या जागी बदल करतात, म्हणजे त्या रोगाला ओळखून मारतात. तयार पेशी पिशवीत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या, हे माझं खातं. ही पिशवी घाईवाल्या काकांची. बिचारे रोज काचेवर टकटक करायचे, "झाली का गं पोरी?" पिशवी तयार झाली आणि त्याच सकाळी काका गेले. पेशी तेवढ्या मागे राहिल्या.

जेवणाची सुट्टी होती, तळघरात चिटपाखरू नव्हतं. मी जाड हातमोजे चढवत होते, तेवढ्यात टकटक झालं. दाराशी कोणी नाही. पुन्हा... टकटक. टाकीच्या आतून.

"कोण... कोण आहे?"

मी दोन पावलं मागे सरले. पण आतली घाई वाढतच गेली, आणि मी भित्री असले तरी चिडकी जास्त आहे. झाकण उचललं.

आत नेहमीची वाफ नव्हती. नायट्रोजन तळाला गेला होता. नायट्रोजन कमी झाला की वाजणारा अलार्म उगाच कोकलतो म्हणून सकाळी मीच त्याचं तोंड बंद केलं होतं, आणि सुरू करायला साफ विसरले होते! वरच्याच कप्प्यात आठ वर्षांच्या एका मुलीची पिशवी होती, दुसऱ्या दिवशी द्यायची. पुन्हा पेशी काढण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. आणखी अर्धा तास गेला असता तर...

मी टाकी भरली. तापमान तपासलं. मुलीची पिशवी थोडक्यात वाचली होती. आज ती शाळेत जाते आणि आईला नुसती पळवते.

मग काकांची पिशवी काढली. ती अगदी तळाशी, टाकी भरण्याआधीही उरल्यासुरल्या नायट्रोजनात बुडालेलीच होती. बाकीच्या पिशव्या दगडासारख्या कडक होत्या. ही मऊ लागली. बर्फाचा कण नाही. मी हातमोजा काढून बोट लावलं. कोमट होती.

मला रडूच आलं. तिला उघड्या तळहातावर घेऊन मी हळूच म्हटलं, "काका, फार उपकार झाले तुमचे."

आणि माझा तळहात कोणीतरी हलकेच दाबला... पिशवीच्या आतून.