कुर्लीचं तिसरं दार

"कुर्ले, जागी हो गो! ओहोटी लागली!"

हा आवाज माझ्या आईचा. पण मला ठाऊक असलेल्या, कोल्हापुरात गणित शिकवणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या आईचा नव्हे. हसू दाबत बोलणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा. आबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, संगणकावर 'वीण' उघडली की आधी हा आवाज यायचा, मग खिडकी दिसायची. मे महिन्यात कोकणात, तोंडवळीला आबांकडे गेले की पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी मी तो ऐकून घ्यायची. आई आमच्या घरी कधी अशी बोलत नसे, म्हणून असेल.

वीण म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा प्रोग्रॅम. आपण साध्या आज्ञा लिहायच्या, वीण त्या यंत्राला कळेल अशा भाषेत गुंफायची आणि माडाच्या उंचीच्या अँटेनावरून समुद्रात धाडायची. समुद्रात होती कुर्ली, खेकड्यासारखा आठ पायांचा यंत्रमानव (माणसाऐवजी काम करणारं यंत्र). खडपांच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या काळ्या खडकांच्या, पलीकडे तळाशी बसून ती सोळा वर्षं माशांचे, शिंपल्यांचे, पाण्याचे आवाज साठवत होती. आई आणि आबांनी मिळून अशा दोन केल्या होत्या. थोरली पहिल्याच वर्षी बंद पडून समुद्रात हरवली, काही न सांगता. घरात सगळे म्हणत, वसूच्या प्रोग्रॅममध्ये चूक राहिली. वसू म्हणजे माझी आई. त्यानंतर तिनं हे काम सोडलं ते सोडलंच.

साल २०६१. मी अकरा वर्षांची. धाकट्या कुर्लीची बॅटरी संपत आली होती. ती वाचवायला आता फक्त वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीला कुर्ली आपली काडीसारखी अँटेना पाण्याबाहेर काढायची, आणि ती ओहोटी आज होती. दुपारी तीनपर्यंत 'वर ये' ही आज्ञा मिळाली नाही, तर ती कायमची झोपणार होती, सोळा वर्षांचे आवाज पोटात घेऊन.

दुपारी एकला मी वीणच्या चित्रावर टिचकी मारली. चकती फिरली, खिडकी पापणी लवावी तशी उघडली आणि मिटली. आवाज नाही, सूचना नाही, काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"आबा, वीण गेली!"

"काय झाला गो बाय?" आबा सोलकढीचं पातेलं तसंच हातात घेऊन आले. गणपत मेस्त्री, पंचाहत्तरी गाठलेले, पण स्क्रू हरवला तर अजून जमिनीवर पालथे पडून शोधणारे. त्यांनी पाहिलं आणि लगेच म्हणाले, "पुसून टाक. नव्यानं बसवू."

"आणि कुर्लीची किल्ली?" मी विचारलं. कुर्ली फक्त एका गुप्त शब्दाला ओळखायची आणि तो शब्द वीणच्या पोटात होता. "पुसली की तोही जाईल."

"तेही खरं," आबा म्हणाले. पातेलं खाली ठेवायचं मात्र विसरले.

"टर्मिनलमधून चालवून बघू?" टर्मिनल म्हणजे संगणकाशी लिहून बोलायची काळी पाटी. आबांचा संगणक लिनक्सवर (संगणकाचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या एका प्रणालीवर) चालायचा, आणि लिनक्सवर चित्रावर टिचकी मारून काही कळलं नाही, की पाटीवर त्याच प्रोग्रॅमचं नाव लिहायचं. चित्रातून उघडलेला प्रोग्रॅम बोलला तरी ऐकायला समोर कुणी नसतं. पाटीवर चालवला की त्याची कुरकूर पाटीवरच उमटते. हे मला आबांनीच शिकवलं होतं.

मी लिहिलं. खिडकी लवली, मिटली. पाटी कोरी.

"पाटीवरही गप्प! आबा, असं कसं?"

"जुना प्रोग्रॅम आहे. नव्यानंच बसवू या आपण."

"थांबा ना. निरोपाचा आकडा विचारते."

हा आकडा मला फार आवडायचा. लिनक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम जाताना एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक, निघाले. दुसरा कुठलाही म्हणजे काहीतरी बिघडलं. मोठे काही आकडे सांगतात की प्रोग्रॅमला कुणीतरी मध्येच ठार केलं. मी पाटीला विचारलं. उत्तर आलं: एक.

"एक! म्हणजे ती मारली गेली नाही, आबा. अडचण आली म्हणून ती स्वतःहून बाहेर पडलीय. आणि स्वतःहून जाणारा प्रोग्रॅम बहुतेक कारण सांगून जातो. मग तिचं बोलणं गेलं कुठे?"

आबा खिडकीबाहेर बघत होते. सुरूंच्या मागे पाणी इतकं ओसरलं होतं की एरवी न दिसणारी काळी खडपं उन्हात चकाकत होती. "भूक लागली असेल तुला," ते म्हणाले.

"आबा, दीड वाजलाय!"

चित्र असो की पाटीवरचं नाव, दोन्ही थेट वीणला हाक मारत नाहीत. मध्ये एक छोटी सुरुवातीची फाइल असते. आधी हे कर, मग ते कर, मग वीणला उठव, असं तिच्यात लिहिलेलं असतं. मी ती उघडली. वरच, प्रोग्रॅमनं वाचू नये पण माणसानं वाचावं म्हणून लिहितात तशी, एक टीप होती. टीप कसली, ओवीच.

एका दारी येई गं निरोप माझ्या घरी,
दुज्या दारी उत्तर, तिज्या दारी गाऱ्हाणं करी,
तिजं दार लावू नका, सांगते परोपरी.

"हे आईनं लिहिलंय?"

"ओव्या म्हणत प्रोग्रॅम लिहायची ती," आबा म्हणाले. "जेवायला हाक मारली तर दोन ओळींनी उत्तर द्यायची."

"तीन दारं कुठली?"

मग आबा बसले. अवघड गोष्ट सांगताना ते गुडघ्यावर हात ठेवत, तसे ठेवले. "प्रत्येक प्रोग्रॅमला तीन दारं असतात. पहिल्यातून आपलं बोलणं आत जातं. दुसऱ्यातून उत्तर बाहेर येतं. तिसरं दार फक्त तक्रारीचं. आपल्या देवळात गाऱ्हाणं घालतात ते ऐकलंस ना? गावचा मानकरी, म्हणजे गावकर, उभा राहून सगळ्यांचं दुखणं मोठ्यानं देवापुढे मांडतो. उत्सवाची बोलणी वेगळी, गाऱ्हाणं वेगळं. तसंच इथे. उत्तरात तक्रार मिसळली तर दोन्ही कळत नाहीत. म्हणून दारं वेगळी."

मी पुढची ओळ वाचली आणि थबकले. ही ओवीत नव्हती. तिसऱ्या दारातून जे येईल ते डेव्ह-नलमध्ये टाक, असं तिच्यात लिहिलं होतं. डेव्ह-नल ही लिनक्समधली तळ नसलेली विहीर. तिच्यात टाकलेला शब्द ना बुडतो, ना तरंगतो. तो फक्त नाहीसा होतो. ओळीशेजारी तारीख होती, आणि दोन अक्षरं: ग. मे.

"ग. मे. म्हणजे तुम्हीच की!"

"समुद्र-संशोधन केंद्रातून आमचं काम बघायला पाहुणे यायचे होते," आबा हळू म्हणाले. "पडद्यावर सारख्या पिवळ्या सूचना पडत होत्या. हे थोडं कमी आहे, ते थोडं ढिलं आहे. म्हटलं, पाहुण्यांसमोर कुरकूर कशाला. तुझी आई त्या दिवशी मालवणला गेलेली."

मी तारखेवरून बोट फिरवलं. सोळा वर्षांपूर्वीची. थोरली हरवली त्याच्या आठ महिने आधीची.

"मग नंतर ती ओळ काढली नाहीत?"

"पाहुणे गेले. मी विसरलो."

"आबा, मग थोरलीच्या तक्रारी..."

"पालवी," त्यांनी मला मध्येच तोडलं. एरवी ते मला नावानं हाक मारत नसत. "आधी धाकटीला वर काढ."

मी ती ओळ पुसली आणि वीणला हाक मारली. या वेळी पाटीवर शब्द उमटले, सोळा वर्षं कोंडलेले असावेत तसे घाईनं: सेटिंगची फाइल उघडता आली नाही. परवानगी नाकारली.

किती साधं होतं! लिनक्सवर प्रत्येक फाइलला धनी असतो. मी यादी काढून बघितली. वीणच्या सगळ्या फाइली आबांच्या नावावर, ही एकच रूटच्या नावावर. रूट म्हणजे संगणकाचा मुख्य धनी, ज्याला कुठलंच कुलूप अडवत नाही.

"आबा, गेल्या आठवड्यात तुम्ही रूट होऊन वीण उघडली होतीत?"

"बघत होतो, सगळं जागेवर आहे का. दोनदा परवानगी मागितली तिनं. मी म्हटलं, चल, मोठा होऊनच आत जातो."

"आणि जाताना फाइल रूटच्या नावावर करून आलात! आता तिच्याच घरात तिला मज्जाव."

आबा ओशाळून हसले. परवलीचा शब्द त्यांनी टाइप केला, मी फाइलचा धनी बदलला. दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"कुर्ले, जागी हो गो! ओहोटी लागली!"

खिडकी उघडली आणि उघडीच राहिली. मी 'वर ये' लिहिलं आणि धाडलं. आम्ही दोघं धावत किनाऱ्याच्या वाळूवर, पुळणीवर गेलो. बराच वेळ नुसतं पाणी. मग खडपांच्या पलीकडे काहीतरी केशरी फुगलं, कुर्लीला वर आणणारी हवेची पिशवी, आणि तिच्याखाली शेवाळानं हिरवे झालेले आठ पाय.

आज मी त्याच किनाऱ्यावर काम करते. आमच्या अठ्ठावीस कुर्ल्या आहेत. त्यांच्या तिसऱ्या दारातून येणारा प्रत्येक शब्द लॉगमध्ये (तक्रारींच्या वहीत) उतरतो, आणि ती वही वाचल्याशिवाय आमच्याकडे सकाळचा चहा होत नाही. पुढच्या वर्षी यातल्या दोन खोल समुद्रात जातील, जिथे उजेड पोचत नाही. तिथून त्या काय काय सांगतील, याची आत्तापासून उत्सुकता आहे.

पण त्या दुपारी आबांना कुर्लीकडे बघवत नव्हतं. ते ओल्या वाळूत बसले. त्यांनी फोन काढला आणि बराच वेळ नुसता हातात धरला.

"लावू मी?" मी विचारलं.

"नको. माझं मलाच लावू दे."

आईनं उचलला. "बाबा? पालवी बरी आहे ना?"

"बरी आहे. धाकटी वर आली, वसू."

"छान झालं," आई म्हणाली. शेजारच्यांच्या घरची बातमी ऐकावी तशी. "ठेवते मग, पेपर तपासायचेत."

"ठेवू नको." आबा घाईनं म्हणाले. "थोरली गेली त्याच्या दोन वर्षांनी तिचं कवच एका होडीच्या जाळ्यात आलं. तुला सांगितलं नाही मी. त्यातली नोंद मी वाचली. आठ महिने ती रोज सांगत होती, पाणी शिरतंय, पाणी शिरतंय. तुझ्या प्रोग्रॅमनं एकही दिवस चुकवला नव्हता, पोरी. तिसरं दार मी लावलं होतं. ती फाइल पुन्हा उघडायचा धीर झाला नाही मला. आणि सगळे तुला बोल लावत होते, तेव्हा मी तिथेच उभा होतो."