मंगलच्या कोबीतलं विष

भालकीजवळच्या मेहकरच्या मंगलने बीदर गाठलं ते एका हट्टाने. खासगी तपास करणाऱ्या रेणुकासमोर बसून तिने सांगितलं, माझ्या कोबीत विष कुठून आलं ते शोधून द्या. तिने निंबोळी अर्काशिवाय काही फवारलं नव्हतं. अळ्या तिकडे वळाव्यात म्हणून कडेने मोहरी पेरली होती. तरी तिच्या नावाने तपासणीला गेलेल्या गड्ड्यात कीटकनाशक निघालं, आणि सेंद्रिय शेती गटाची प्रमुख चन्नम्मा तिला काढून टाकायला निघाली होती.

“गट सुटला तर सुटू दे, अक्का,” मंगल म्हणाली. “पण खोटी ठरून जाणार न्हाई.”

दुसऱ्या सकाळी रेणुका आणि तिचा सहायक रत्नपाल शेतात उतरले. मंगलची काढणी अजून सुरूच झाली नव्हती. रेणुका एकेक सरी चालून गेली. पानांना भोकं होती, पाठीमागे मावा होता आणि त्याच्यावर ताव मारणारे लाल ढालकिडे होते. बांधाकडच्या ओळीत तर ते जास्तच. किड्यांत एवढं काय बघायचं, हे रत्नपालला कळेना. त्याची नजर बांधापलीकडच्या लिंगराजच्या कोबीवर होती. तुकतुकीत, कुठे भोक नाही.

लिंगराजने औषध मारतो हे लपवलं नाही. उलट आपलाच एक गड्डा चोरीला गेल्याची तक्रार केली आणि बांधाजवळ उरलेला बुडखा दाखवला.

तपासणीचा नमुना गटातल्या नागेशने नेला होता. मंगल भालकीच्या बाजारी गेली होती, तेव्हा तिच्या शेताच्या मधोमध गड्डा कापला, असं तो म्हणाला.

“वाऱ्यानं औषध उडालं,” रत्नपालने निकाल दिला. रेणुकाने मात्र सगळ्यांना मंगलच्या शेतात बोलावलं.

“वाऱ्यानं आलं असतं, तर बांधाकडचे ढालकिडे आधी मेले असते,” ती म्हणाली. “ते जिवंत आहेत. या शेतात विष आलंच नाही. मग गड्ड्यात कुठून आलं? कापलेल्या गड्ड्याचा बुडखा मागे राहतो. या शेतात मला एकही सापडला नाही. लिंगराजअण्णांच्या शेतात सापडला. नागेश, तो गड्डा तिथला.”

नागेशची मान खाली गेली. “भोकं पडलेला कोबी कसा पाठवावा म्हणलं. गटाचं नाव खराब व्हायचं. वाईट करायचं मनात नव्हतं.”

रत्नपालला त्याचा राग येईना, आणि मंगलकडे बघवेना.

ती विळा घेऊन सरीत शिरली आणि चाळणी झालेला एक गड्डा कापला. चन्नम्माने न सांगता पिशवी उघडून धरली.

“गाडी काढ, नागेश,” मंगल म्हणाली. “या खेपेला मी संगं येते.”

“मी बी येते,” चन्नम्मा म्हणाली.