अल्बममधलं खाकरणं

या पेजवर मी आजवर फक्त वाचत आले. आज पहिल्यांदा लिहितेय, आणि एकच विनंती आहे. खाली "स्टोरी मस्त आहे" असं कुणी लिहू नका. ही स्टोरी नाही. मागच्या मे महिन्यात हिंगणघाटला आमच्यासोबत घडलेलं आहे आणि अजून संपलेलं नाही.

आणि हो, हे रात्रीचं नाही. भर दुपारचं आहे.

मी रुचिका. ड्रम वाजवते. आमचा बँड आहे, 'पऱ्हाटी'. कापसाच्या गावातली पोरं आम्ही, म्हणून कापसाच्या झाडाचंच नाव घेतलं. तिघेच आहोत. गातो तो रोशन, माझा मावसभाऊ. गिटार आणि रेकॉर्डिंग नीलेशकडे. कॉलेजात असताना एक अल्बम काढला होता. वर्धा-नागपूरकडच्या पोरांना बऱ्यापैकी आवडला.

मग रोशनच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, पण गाणं गेलं. बोलता यायचं, गाता यायचं नाही. वरच्या पट्टीत गेला की नुसती हवा निघायची.

कित्येक वर्षं बँड बंद होता. रोशन मोबाईलच्या दुकानात बसायचा. कुणी गाणं लावलं की उठून बाहेर जायचा. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू गाऊन बघायला हरकत नाही. त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला.

"ताई, एक अल्बम करू. आवाज लागला तं लागला. नाई लागला तं मी पुन्हा गाण्याचं नाव नाई घेणार."

हा अल्बम त्याच्यासाठी काय होता, ते यावरून समजा.

नीलेशने जागा शोधली. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग मिलमधली एक खोली, वर टिनाचं छप्पर. अशा खोलीत आवाज घुमतो आणि रेकॉर्डिंगची पार वाट लागते. म्हणून नीलेशने पोत्यांमध्ये कापूस भरून चारी भिंतींना थप्प्या लावल्या. छतालाही पोती टांगली. कापूस आवाज पितो. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात विरून जायची.

"एवढा कापूस कुठून आणला बे?" मी विचारलं.

"जुन्या गाद्यांचा आहे. तू ड्रम लाव नं तुये."

त्याच्या काकांचं गाद्या भरायचं दुकान आहे. मी पुढे काही विचारलं नाही.

वास पहिल्या दिवसापासून होता.

मे महिना. आवाज येतो म्हणून कूलर बंद, पंखा बंद, दार बंद. तिघांचा घाम. वास येणारच, असं मी स्वतःला सांगितलं. पण तो घामाचा नव्हता. मलम, लघवी आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर... अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या खोलीत येतो, तो वास. नाकाला ओढणी बांधून मी ड्रमवर बसले.

रोशन माइकसमोर उभा राहिला. आम्ही तिघांनी हेडफोन लावले. नीलेशने रेकॉर्डिंग सुरू केलं.

आणि कुणीतरी खाकरलं...

साधं नाही. छातीच्या तळातून ओढून आणलेला बेडका. तो तोंडापर्यंत आला आणि तिथेच घोळत राहिला. थुंकल्याचा आवाज आलाच नाही.

"शी! रोशन, बाहेर जाऊन थुंकून ये."

"ताई, मी नाई खाकरलो वं."

तो खरं बोलत होता. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते.

मी हेडफोन काढला. खोलीत काहीच नव्हतं. पुन्हा लावला...

श्वास. ओला, घरघरणारा. अगदी कानाला तोंड लावल्यासारखा.

नीलेशने वायर बदलली, मग माइक बदलला. श्वास तसाच राहिला.

"जाऊ दे, नंतर काढून टाकू," तो म्हणाला. "गा तू."

रोशन गायला.

आणि आवाज लागला! ज्या पट्टीत इतकी वर्षं नुसती हवा निघत होती, तिथे त्याचा सूर खणखणीत उभा राहिला. गाता गाता त्याचे डोळे भरून आले. मी रडत रडत ठेका धरला. वास, घरघर, सगळं विसरले. त्या दिवशी मी आनंदात होते, हे मला मान्य आहे.

पण घरी आल्यावर त्याने मावशीला तेच गाणं म्हणून दाखवायला तोंड उघडलं...

नुसती हवा.

दुसऱ्या दिवशी खोलीत पुन्हा आवाज लागला. बाहेर अंगणात आलं की गायब. आत लागायचा, बाहेर नाही. रोशन मग दुपारच्या सुट्टीतही बाहेर येईना. डबा तिथेच खायचा, त्या वासात. मला तिथे पाणीसुद्धा गिळवत नव्हतं.

एका गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात. क्षणभर पूर्ण शांतता, मग रोशनने सुरुवात करायची. आम्ही थांबलो. शांतता झाली.

"मीरा..."

रोशनचे ओठ मिटलेले होते.

"मीरा... मले कुशीवर कर वं..."

म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज. थकलेला, रडवेला. माझ्या हातातल्या काड्या खाली पडल्या. नीलेशचा चेहरा पांढराफटक. रोशन मात्र शांत होता.

"म्हाताऱ्याले लय त्रास होऊन राह्यला," तो म्हणाला.

जसं काही रोजचंच आहे. त्या आवाजापेक्षा मला त्याच्या या वाक्याची भीती वाटली.

मी उठले आणि त्याच्या मागच्या थप्पीला हात लावला.

पोतं ओलं होतं...

हिंगणघाटचा मे महिना. धुतलेले कपडे बादली रिकामी होईपर्यंत वाळतात. आणि ते पोतं ओलं, चिकट. मी किल्लीने त्याची शिवण उसवली. वरचा कापूस पिवळा होता. आतला तपकिरी, गोळे झालेला. एक गोळा ओढला तर जखमेवरची खपली निघावी तसा सुटून आला. त्याला पांढरे केस चिकटले होते आणि पट्टीचा एक तुकडा.

मी दारापर्यंतही पोचले नाही. तिथेच ओकले.

तेव्हा कुठे नीलेशने तोंड उघडलं. आपल्याकडे माणूस गेला की त्याची गादी, उशी, पांघरूण घरात ठेवत नाहीत. वणा नदीच्या घाटावर नेऊन टाकतात. त्याला कुणी हात लावत नाही. नीलेशने तिथल्या गाद्या टेम्पोत भरून आणल्या होत्या. काकांच्या दुकानातल्या नव्हत्याच त्या.

"वापरलेला कापूस दबून घट्ट होते. आवाज जास्त पिते," तो म्हणाला. "अन् शेवटी कापूसच तं आहे."

कापूसच तर आहे! त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मेलेल्या माणसांच्या घामा-पुवाने भरलेल्या गाद्या, आणि हा त्याच्या आत बसून गिटारच्या तारा जुळवत होता.

"आत्ताच्या आत्ता सगळं काढ. जाळून टाक."

रोशन थप्पीसमोर हात पसरून उभा राहिला.

"ह्या खोलीबाहेर माहा आवाज लागत नाई, तुले माहीत आहे नं ताई? मंग काऊन हात लावून राह्यली?"

सगळ्या गाण्यांचं माझं वाजवून झालं होतं. मी तिथून निघाले आणि पुन्हा त्या खोलीत पाय ठेवला नाही. उरलेली गाणी त्या दोघांनी पूर्ण केली.

पावसाळ्यानंतर अल्बम आला.

नीलेशने ते खाकरणं पुसून टाकलं होतं. त्याने माझ्यासमोर बसून पुसलं, मी स्वतः ऐकून खात्री केली. पण अल्बम लोकांपर्यंत गेला तेव्हा पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला ते होतंच. आणि लोकांना तेच आवडलं. "ते खाकरणं काय भारी आहे", "खरा आवाज, बनावट काही नाही", हार्ट, आग, टाळ्या. कुणीतरी तर त्याची रिंगटोन केली. मला प्रत्येक कमेंटला शिसारी यायची.

एका संध्याकाळी फोन आला. बाईचा आवाज, वयस्कर.

"तुमच्या गाण्यात आमच्या मामंजींचा आवाज आहे. तो बंद करा."

बाई देवळीहून बोलत होत्या. आधी हिंगणघाटलाच राहायच्या. सासऱ्यांना लकवा झाला होता, ते कित्येक महिने अंथरुणात होते. तिथेच गेले. त्यांची गादी यांनीच घाटावर टाकायला लावली होती.

"मीरा कोण?" मी विचारलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मीच मीराबाई."

मग त्या भडभडा बोलल्या.

"पाठीले जखमा झाल्या होत्या त्याइच्या. किडे पडले होते. दिवसभर हाका मारत, कुशीवर कर, कुशीवर कर. मले किळस ये वं बाई. मी आयकून न आयकल्यावाणी करू. नातीनं काल तुमचं गाणं लावलं, तं मी सैपाक टाकून, त्याइची बाज इकडं आणून ठेवली आहे त्या खोलीत गेली. बाज रिकामी होती. तरी कुशीवर कराले हात घातला. हाताले ओलं लागलं."

फोन ठेवला गेला. मी परत लावला, त्यांनी उचलला नाही.

नीलेशने तोपर्यंत घाबरून खोली रिकामी केली होती. सगळा कापूस घाटावर नेऊन जाळला. मला वाटलं, सुटलो. रोशनचा आवाज पुन्हा गेला तरी चालेल, पण सुटलो.

आवाज गेला नाही.

फक्त उभं राहून लागेना. बसूनही लागेना. रोशन जमिनीवर उताणा झोपला की मात्र अख्खा सूर लागायचा. मावशी त्याचे शर्ट धुताना रडायची. पाठीवर डाग पडत होते, पिवळे. डॉक्टरांनी शर्ट वर करून पाठीवरच्या जखमा पाहिल्या आणि विचारलं, "हा किती दिवस अंथरुणाला खिळून होता?" धडधाकट, चालता-फिरता माणूस समोर बसलेला आणि डॉक्टर हे विचारतात!

वर्ध्याला पहिला कार्यक्रम झाला. रोशन स्टेजवर आडवा झाला, माइक तोंडाशी धरला आणि गायला. इतकं सुंदर तो आयुष्यात कधी गायला नव्हता. पोरं वेडी झाली. त्यांना वाटलं, ही स्टाईल आहे.

गाण्याच्या मधल्या शांततेत त्याने मान माझ्याकडे वळवली.

"ताई... मले कुशीवर कर वं..."

माइकमधून सगळ्या हॉलने ऐकलं. शिट्ट्या, टाळ्या.

मी ड्रम सोडून उठले. त्याच्या पाठीखाली हात घातला. शर्ट ओला होता, चिकट. तोच वास आला. ओकारी घशाशी आली ती गिळली, त्याला कुशीवर केलं आणि परत येऊन ठेका धरला. तो हसत होता. तो खरंच सुखात होता.

घरी येऊन मी हात राखेने घासले, डेटॉलने धुतले. वास जात नाही. आत्ता हे टाइप करतानाही येतोय.

शनिवारी नागपूरला कार्यक्रम आहे. मावशी म्हणते, तू बँड सोड म्हणजे हे बंद होईल. रोशन म्हणतो, तू सोडलं तरी मी गाणारच. मला त्याची किळस येते. हे लिहितानाही लाज वाटते, पण येते. तो हात पुढे करतो तेव्हा माझे हात मागे जातात.

पण शनिवारी मी जाणार आहे. मी नाही गेले, तर त्याला कुशीवर कोण करणार?